माप

ऐन ओहोटीच्या पहाटे पडद्यावर निळी पट्टी आली:
तुमचं यंत्र नव्या आवृत्तीसाठी योग्य नाही.
म्हटलं, बाबा रे, यंत्र माझं,
अयोग्य म्हणणारा तू कोण?
पण पट्टीला कान नसतात.
दोन बटणं असतात, "आत्ता" आणि "थोड्या वेळाने".
"नको" असं बटण मी सहा वर्षांत पाहिलं नाही.

आम्हीही मापं लावतो.
पितळी कडीतून निसटली ती तिसरी परत पाण्यात,
मोठी होऊन ये म्हणून.
यांचं माप उलटं.
जे टिकलं ते बाद.

कुरबूर आधीपासूनची होती.
बोट टेकवा, म्हणायचं, तुम्ही तुम्हीच आहात हे दाखवा.
चाळीस वर्षं आरोसाच्या खाडीत
वाकून वाळू उकरणाऱ्या बाईच्या बोटावर
रेषा उरतात कुठे?
टेकवलं, पुसून टेकवलं, फुंकर घालून टेकवलं.
मी दोसिंदा नाही, असं त्याचं ठाम मत.
आणि आमच्या सत्तेचाळीस बायकांची वही त्याच्या पोटात:
कुणी किती किलो, कुणाचा खाडा,
कार्मिन्याच्या गुडघ्याचे पैसे कुणी दिले, कुणी नुसतेच कबूल केले.

गुरुवारी लिलाव आटोपून तशीच गेले विलागार्सियाला,
रबरी बूटही न काढता.
फिथच्या दुकानात बँकांनी टाकलेले लॅपटॉप
पाठीला पाठ लावून उभे.
तो म्हणाला, हा पातळ, देखणा आहे,
पण बॅटरी डिंकाने चिकटवलेली, मेमरीला डाख दिलेला.
आजारी पडला तर उघडता येत नाही,
फक्त पुरता येतो.
हा जाड बघ. दहा वर्षांचा. खाली आठ स्क्रू.
याचं वायफाय लिनक्सच्या ओळखीचं आहे,
ते आधी बघायचं असतं, रंग मागाहून.

मडकं वाजवून घ्यावं तसा मी तो वाजवून घेतला.
बिजागरी उघडली, मिटली, उघडली,
फिथ दोनदा खोकला.
कळांच्या मधोमध लाल ठिपका, बोटाने रेटायचा.
त्याला रेषा लागत नाहीत, जोर लागतो.
जोर आहे.
एकशे चाळीस सांगत होता, एकशे वीसला सुटला,
वर दोन किलो तिसऱ्या, त्याच्या आईसाठी.

रात्री नवी प्रणाली चढवली.
तिने नाव विचारलं, मी लिहिलं.
परवलीचा शब्द तुम्हीच ठरवा, म्हणाली.
बस.
मी थोडा वेळ वाट पाहिली, अजून काही मागते का.

खोटं कशाला बोलू, सगळं गोड झालं नाही.
प्रिंटर चार दिवस रुसून बसला.
नातीने फोनवरून शिकवलेलं मी तीनदा विसरले.
आणि वही उघडली तर रकाने सरकलेले,
शनिवारचे किलो रविवारच्या अंगावर,
रविवारी आम्ही खाडीत उतरतही नाही.

एकेक रकाना ओढून जागेवर लावत होते
तेव्हा दिसला एक, जो मी कधी पाहिला नव्हता.
जुन्या चिटणीस युडोशियाने मिटून ठेवलेला.
माझ्या नावापुढे तो हिवाळा,
मानोलो दवाखान्यात होता तो, मी पाण्यात न उतरलेले एकोणीस दिवस.
प्रत्येक दिवसापुढे किलो.
तिच्या नावापुढे तेवढेच कमी.

युडोशियाला जाऊन पाच वर्षं झाली.
समोर भेटली असती तर भांडले असते तिच्याशी.

तो रकाना मी पुन्हा मिटला नाही.
जुन्या यंत्राचं झाकण पालथं घातलं,
तिसऱ्या उघडायच्या सुरीने
कंपनीचं चकचकीत चिन्ह खरवडून काढलं.
खाली चौकोनी डिंक उरला.
त्याला खाडीची वाळू चिकटलीय,
निघत नाही.